चुंबकाचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

जुलै २०२५ मध्ये राजीव बजाज यांनी उघडपणे सांगून टाकलं की ऑगस्ट महिना आमच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी शून्य उत्पादनाचा ठरू शकतो. म्हणजे आकुर्डीतून चेतक बाहेरच पडणार नाही. आणि कारण काय, तर बॅटरी नाही, चिप नाही, कामगारांचा संपही नाही, तर मोटरमध्ये बसणारं चुंबक. स्कूटरच्या मोटरमध्ये हे चुंबक वजनाने काही शे ग्रॅम असेल, गाडीच्या एकूण किमतीत त्याचा वाटा अगदी थोडका, पण ते नसेल तर बाकीची सव्वा लाखाची गाडी नुसती उभी राहते.

झालं असं होतं की ४ एप्रिल २०२५ ला चीनने 'रेअर अर्थ' म्हणजे दुर्मिळ खनिजांच्या गटातल्या सात धातूंवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, आपल्या गाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची दोनच, डिस्प्रोसियम आणि टर्बियम. लक्षात घ्या, ही बंदी नव्हती, परवाना होता, आणि माझ्या मते तेच जास्त हुशारीचं आहे. बंदी घातली की सगळं जग पर्याय शोधायला लागतं, परवाना लावला की सगळे रांगेत उभे राहतात. हे चुंबक कुठल्या मोटरमध्ये जाणार, ते शस्त्रात वापरणार नाही याचं लेखी प्रमाणपत्र द्या, त्यावर आपल्या सरकारचा शिक्का, मग चिनी दूतावासाचा शिक्का, मग ती फाइल बीजिंगला, आणि मग वाट बघा. इकडे कंपन्यांच्या पर्चेस डिपार्टमेंटचे लोक रोज स्टेटस विचारतायत आणि गोडाऊनमधला स्टॉक कमी होतोय.

ऑगस्टमध्ये वेळ निभावून गेली, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. कशा? एक तर थोडा पुरवठा सुटला आणि दुसरं म्हणजे कंपन्यांनी असं चुंबक वापरायला घेतलं ज्यात हे दोन धातू नाहीत, त्यामुळे परवाना लागत नाही. मग आधी का वापरत होते असं तुम्ही विचाराल, तर उत्तर आहे उष्णता. चुंबक तापलं की त्याची ताकद उतरते, आणि डिस्प्रोसियम टाकलं की तापल्यावरही टिकून राहते. मे महिन्यात दोन माणसं बसवून कात्रजचा घाट चढणारी स्कूटर डोळ्यासमोर आणा, मोटर किती तापत असेल. मग ते धातू काढायचे तर मोटरचं डिझाइन बदला, थंड ठेवायची सोय वाढवा, पुन्हा टेस्टिंग करा. ओलाने तर फेराइटवर, म्हणजे आपल्या साध्या स्पीकरमागे जे काळं चुंबक असतं त्या जातीच्या चुंबकावर चालणारी मोटर काढली आणि तिला सरकारी मान्यताही मिळवली. ही चांगली गोष्ट आहे, पण फेराइटची ताकद कमी, त्यामुळे तेवढंच काम करून घ्यायचं तर डोकं जास्त लावावं लागतं.

आता मूळ प्रश्न. व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो, तुम्हालाही आला असेल, की दुर्मिळ खनिजांच्या साठ्यात भारत जगात तिसरा आहे, मग आपण चीनपुढे हात का पसरतोय? आकडा खरा आहे बरं का. अमेरिकन भूगर्भ खात्याच्या हिशोबात चीन ४४० लाख टन, ब्राझील २१० लाख टन आणि आपण ६९ लाख टन. पण त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात उत्पादन दिलेलं असतं, ते फॉरवर्डमध्ये येत नाही, आणि त्यात आपला वाटा जगाच्या एक टक्काही नाही.

असं का, ते कळायला आपली वाळू बघायला लागेल. आपल्याकडे हे धातू मुख्यतः समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट नावाच्या खनिजात मिळतात, केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा या पट्ट्यात. त्याचा शोध कसा लागला तीही मजा आहे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. तेव्हा त्याची किंमत होती ती आत असलेल्या थोरियमसाठी, आणि थोरियम हवं होतं गॅसबत्तीच्या मॅन्टलला. पूर्वी वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे ती पेट्रोमॅक्सची बत्ती आठवत असेल तर तिच्यातली ती पांढरी जाळी, तिथे जायचं हे थोरियम.

आणि आज हेच थोरियम घोटाळा करून ठेवतं. ते किरणोत्सारी आहे आणि आपल्या अणुकार्यक्रमाचं पुढचं इंधन म्हणून राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे मोनाझाइट हे अणुऊर्जा खात्याच्या ताब्यातलं खनिज. खासगी कंपनीने उठून खणायचं असं नाही. खणते ती आयआरईएल, जुनं नाव इंडियन रेअर अर्थ्स, १९५० ची कंपनी, मुख्यालय आपल्या मुंबईत प्रभादेवीला. तिचा केरळमधल्या आलुव्याचा कारखाना नेहरूंच्या हस्ते १९५२ मध्ये सुरू झाला, म्हणजे चीनने या धंद्यात नाव काढायच्या कितीतरी आधी आपण यात होतो! त्यात या वाळूचे बरेच पट्टे सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निर्बंधांच्या पट्ट्यात, खारफुटीखाली नाहीतर भरवस्तीत. केरळात आलप्पाडला लोकांनी वाळू उपशाविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही त्यांचं म्हणणं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

कोकणातले वाचक म्हणतील आमच्याकडेही काळी वाळू आहे की, रत्नागिरीजवळ काळबादेवीला, मालगुंडला. आहे, पण ती आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून झिजून आलेली, तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट भरपूर, म्हणजे टायटॅनियम आणि लोखंड. मोनाझाइट ग्रॅनाइट जातीच्या दगडातून येतं. त्यामुळे सरकारी यादीत मोनाझाइटवाल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव येतं ते नावापुरतंच.

बरं, वाळू खणली, मोनाझाइट वेगळं केलं, थोरियम बाजूला काढलं. खरी डोकेदुखी इथून पुढे. आत लँथॅनम, सीरियम, निओडिमियम, प्रॅसिओडिमियम असे धातू एकत्र मिसळलेले असतात आणि रासायनिक स्वभावाने ते इतके सारखे की एका फटक्यात वेगळे होतच नाहीत. आम्लात विरघळवायचे, एका खास तेलकट द्रावणाबरोबर घुसळायचे, एक धातू केसभर जास्त त्या द्रावणात जातो, मग तेच पुढच्या टाकीत, मग त्याच्या पुढच्या, अशा शेकडो टाक्या ओळीने. हा प्लांट एकदा सुरू केला की स्थिर व्हायलाच फार वेळ जातो, आणि तो चालवणाऱ्या माणसाचा अनुभव कुठल्या पुस्तकात मिळत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये चीनने या प्रक्रियेचं तंत्रज्ञान बाहेर द्यायलाच बंदी घातली, यावरून काय ते समजा.

त्यात परत हिशोबाची भानगड. चुंबकाला हवं असतं निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम, पण ते काढायला गेलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट सीरियम आणि लँथॅनम हातात येतं, ज्याला फारसा भाव नाही. साखर कारखान्यासारखंच आहे हे, ऊस गाळला की मळी आणि बगॅस येणारच, आणि नुसत्या साखरेवर कारखाना चालत नाही, डिस्टिलरी आणि वीजनिर्मिती जोडावी लागते तेव्हा कुठे ताळेबंद जुळतो. चीनमध्ये सीरियम घेणारे काच पॉलिशवाले, लँथॅनम घेणारे रिफायनरीवाले आणि चुंबकवाले असा सगळा गोतावळाच तयार आहे. आपल्याकडे तो नाही, म्हणून आपण कैक वर्षं ऑक्साइड बनवून बाहेर पाठवत होतो, जपानी कंपनीशी २०१२ पासूनचा करारच होता. तो माल आता देशातच ठेवायचा असं सरकारने ठरवल्याच्या बातम्या जून २०२५ मध्ये आल्या. ठेवा, पण ठेवून करणार काय, कारण त्यापासून चुंबक बनवणारा मोठा कारखानाच देशात नव्हता! विशाखापट्टणमला बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात एक आहे, २०२३ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, पण तो सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकं बनवतो, वर्षाला ३,००० किलो, मुख्यतः संरक्षण आणि अवकाशाच्या कामासाठी. गाड्यांशी त्याचा संबंध नाही.

आणि चुंबक बनवणं हे काही ओतकाम नाही. ऑक्साइडपासून धातू, धातूत लोखंड आणि बोरॉन मिसळून मिश्रधातू, मग त्यात हायड्रोजन सोडायचा म्हणजे तो आपोआप तडकून भुगा होतो, तो भुगा अजून दळून तीन-चार मायक्रॉनवर आणायचा, आणि हे सगळं हवा लागू न देता, कारण इतकी बारीक पूड हवेत पेट घेते. मग ती पूड चुंबकीय क्षेत्रात दाबायची म्हणजे प्रत्येक कणाचं तोंड एका दिशेला होतं, मग हजार-एक अंशाला भट्टीत भाजायची, कापायची, गंजू नये म्हणून निकेलचा मुलामा द्यायचा आणि सगळ्यात शेवटी तिला चुंबकत्व द्यायचं. या प्रकारच्या भाजलेल्या चुंबकांपैकी जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त चीनमध्ये बनतात. खाणीत त्यांचा वाटा त्या मानाने कमी, साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जसजसं खाणीपासून लांब जाल तसतशी त्यांची पकड घट्ट होते. घोडं पेंड खातंय ते इथे, मधल्या टप्प्यात, आणि आपल्याकडची चर्चा मात्र कायम 'अमुक ठिकाणी साठा सापडला' यावरच.

असं नाही की चीनने ते कोणाकडून हिसकावून घेतलं. जनरल मोटर्सची मॅग्नेक्वेंच नावाची चुंबक कंपनी होती, ती १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली गेली आणि पुढच्या दशकात तिचे अमेरिकेतले कारखाने बंद होऊन काम तिकडे गेलं. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण २००२ मध्ये बंद पडली. स्वस्त मिळतंय आणि घाण दुसऱ्याच्या दारात पडतेय म्हटल्यावर कोणाची तक्रार नव्हती. ती घाण बघायची असेल तर चीनमधल्या बाओटोऊचा गाळाचा तलाव शोधून बघा.

यातून शहाणपण शिकला तो जपान, आणि माझ्या मते आपण अमेरिकेपेक्षा जपानकडे बघायला हवं. २०१० च्या सप्टेंबरमध्ये सेनकाकू बेटांजवळ बोटींची टक्कर झाली, भांडण पेटलं आणि चीनकडून जपानला जाणारा हा माल दोनेक महिने अडकला. जपानने काय केलं, तर पुढच्याच वर्षी तिथली सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. नंतर भाव पार कोसळले, माउंटन पास खाण पुन्हा सुरू करणारी अमेरिकेतली मॉलीकॉर्प २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, लायनसचीही हालत खराब होती, पण जपान्यांनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, व्याज कमी केलं आणि कंपनी मरू दिली नाही. एवढं करून जपानचं चीनवरचं अवलंबित्व नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं ते साठच्या आसपास आलं. आणि त्यालाही दहा वर्षं गेली.

आता आपलं सरकार काय करतंय ते. २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी निघाली, त्याच वर्षी खाण कायदा बदलून २४ खनिजांचे लिलाव केंद्राने स्वतःकडे घेतले आणि लिथियमसकट सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली. २९ जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं, सरकारचे १६,३०० कोटी आणि सरकारी कंपन्यांकडून अपेक्षित १८,००० कोटी, २०३०-३१ पर्यंत १,२०० ठिकाणी शोधमोहीम. आणि चुंबकांच्या फटक्यानंतर २६ नोव्हेंबर २०२५ ला ७,२८० कोटींची चुंबक योजना आली. वर्षाला ६,००० टन क्षमता, जास्तीत जास्त पाच कंपन्या, पैशाचा मोठा हिस्सा म्हणजे ६,४५० कोटी हे माल विकल्यावर मिळणार आणि ७५० कोटी कारखाना उभा करायला. सात वर्षांची योजना, पहिली दोन उभारणीची, पुढची पाच अनुदानाची.

विक्रीवर अनुदान हे बरोबर केलं, नाहीतर आपल्याकडे शेड उभी राहते, फीत कापली जाते आणि मशिनवर धूळ बसते. पण एक साधा गुणाकार करून बघा. अशा चुंबकात साधारण तीस टक्के निओडिमियम-प्रॅसिओडिमियम असतं, म्हणजे ६,००० टन चुंबकांना १,८०० टन धातू हवा, आणि घट धरली तर ऑक्साइड त्याहून जास्त. आयआरईएलकडे हे काही शे टनांत बनतं. बाकीचं कुठून? ऑस्ट्रेलिया, ब्राझील, नाहीतर परत चीन. आणि डिस्प्रोसियम तर आपल्या मोनाझाइटमध्ये काढण्याजोगं नाहीच, ते बाहेरूनच येणार.

दुसरी शंका भावाची. समजा पाच वर्षं अनुदानावर कारखाना चालला आणि सहाव्या वर्षी चीनने भाव पाडले, तर? पूर्वी त्यांनी हेच केलंय, मॉलीकॉर्पचं वर आलंच. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये यावर सरळ हमीभाव दिला, माउंटन पास खाण चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सला संरक्षण खात्याने दहा वर्षं निओडिमियम-प्रॅसिओडिमियमला किलोमागे किमान ११० डॉलर मिळतील असं लिहून दिलं, तेव्हाच्या बाजारभावापेक्षा बराच वरचा दर. आपल्या योजनेत तशी हमी नाही. हमीभाव म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला शिकवायला नको, आणि तो कागदावर असणं आणि खरेदी केंद्रावर मिळणं यातला फरकही.

लिथियमचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली आणि चॅनलवाल्यांनी आपण आता आखाती देश झाल्यासारखा धिंगाणा घातला. तो आकडा होता लिथियम असलेल्या दगडमातीचा, शुद्ध लिथियमचा नव्हे, आणि तोही प्राथमिक अंदाज. चिकणमातीसारख्या थरातून लिथियम फायद्यात काढायची पद्धत जगातही अजून रुळलेली नाही. दोनदा लिलाव काढला, पुरेशा बोली आल्याच नाहीत. छत्तीसगडच्या काटघोऱ्याचा ब्लॉक मात्र २०२४ मध्ये लिलावात गेला. त्यापेक्षा मला अर्जेंटिनाचं काम जास्त आवडतं, काबिल नावाच्या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या कातामार्का प्रांतात पाच ब्लॉक घेतले, १५,७०३ हेक्टर, खर्च दोनशे कोटींच्या आसपास. या काबिलमधली एक भागीदार, खनिजं शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल, आपल्या नागपूरची. अर्थात तिथेही आधी शोध, मग उत्पादन, त्यामुळे लगेच काही हाती पडणार नाही. बॅटरी सेलचं तर बोलूच नका, २०२१ मध्ये १८,१०० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर अनुदानाची योजना काढली, ५० गिगावॅट-तासांचं उद्दिष्ट, आणि चार वर्षांनी उभं राहिलेलं काम त्याच्या जवळपासही नव्हतं. मशिन चिनी, मशिन बसवणारे तंत्रज्ञ चिनी, आणि त्यांच्या व्हिसाला महिनोनमहिने लागायचे.

सोलरमध्ये चित्र जरा वेगळं आहे आणि ते तुमच्या खिशाशी थेट जोडलेलं आहे. पीएम सूर्यघरमधून छतावर पॅनल लावायला गेलात तर व्हेंडर पहिला प्रश्न विचारतो, डीसीआर घेणार की नॉन-डीसीआर? डीसीआर म्हणजे पॅनल पण भारतातलं आणि आतला सेल पण भारतातलाच. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांची सबसिडी हवी असेल तर डीसीआरच लागतं, आणि ते महाग पडतं. लोक चिडतात, की सबसिडीतले काही हजार तर यातच गेले. चिडणं बरोबर आहे, पण ते पैसे कुठे जातायत तेही बघा. पॅनल बनवणं म्हणजे खरं तर जुळणी, तयार सेल आणायचे, जोडायचे, काच, मागची शीट, अॅल्युमिनियमची फ्रेम. परदेशी पॅनलवर २०२२ पासून ४० टक्के ड्युटी आणि सरकारमान्य पॅनलची यादी, या दोन्हींमुळे आपली पॅनल क्षमता २०१४ मध्ये जेमतेम अडीच गिगावॅट होती ती ऑगस्ट २०२५ मध्ये १०० गिगावॅटवर गेली. हे खरंच मोठं काम आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण तेव्हा सेलची क्षमता त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास, आणि सेल ज्या सिलिकॉनच्या चकत्यांपासून बनतो त्या वेफरची तर नगण्य. जगातले ९५ टक्क्यांहून जास्त वेफर चीनमध्ये बनतात. म्हणून जून २०२६ पासून सेलची यादी लागू आणि २०२८ पासून वेफरची, असा एकेक पायरी मागे जायचा प्लॅन आहे. मला हा क्रम पटतो, गिऱ्हाईक आधी तयार झालं आणि कारखाना नंतर. चुंबकात नेमकं हेच उलटं चाललंय, कारखान्याला अनुदान आहे पण देशी चुंबकच वापरा असं गाडीवाल्यांना कोणी म्हणत नाही, आणि महाग असेल तर ते स्वतःहून घेणार नाहीत.

राहिलं भंगार. सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची रिसायकलिंग योजना मंजूर झाली, जुन्या बॅटऱ्या, ई-कचरा, गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यातून धातू परत काढायला, आणि त्यातला तिसरा हिस्सा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखलाय. अडचण परत तीच. बॅटरी फोडून, दळून तिची काळी पूड करणारे आपल्याकडे आहेत, त्या पुडीत लिथियम, कोबाल्ट, निकेल सगळं असतं, पण त्यातून बॅटरीत परत वापरता येईल इतका शुद्ध धातू काढणारे फार थोडे, म्हणून बरीच पूड बाहेरदेशी जाते आणि तोच धातू आपण पुन्हा विकत घेतो. अनुदान देताना पुडीचे टन मोजले तर पुडीचेच कारखाने वाढतील. शुद्ध धातू मोजला तर कंपन्या कमी येतील, उशिरा येतील, पण पूड इथेच राहील.